चार चमचे राकेल

मी पितळेची टाकी बोलतेय. पहिल्यांदा बघणाऱ्याला मी काय आहे ते कळत नाही. पोट स्टोच्या टाकीचं, कुशीला हवा भरायचा दट्टा, डोक्यावर बर्नरऐवजी तांब्याची वाकडी नळी आणि नळीला लावलेला हातभर लांब रबरी पाइप. सोलापुरात एका गल्लीतल्या दोन खोल्यांच्या घरात मी राहते. मोटारीच्या ब्रेकमध्ये शिरलेली हवा काढणं हे माझं काम.

जन्माने मात्र मी स्टोच. १९६३ साली महानंदाबाईंनी मला भांड्यांच्या दुकानातून आणलं. पुढची अकरा वर्षं त्यांचा चहा, आमटी, भात माझ्यावर झाला. माझा दट्टा किती मारायचा ते त्या कानाने ठरवत. ज्योतीचा आवाज एका पट्टीत आला की म्हणत, "साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, त्यामुळे घरात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा चालत.

त्यांचे यजमान चनमल्लप्पा टॅक्सी चालवत. जुनी काळी अँबॅसडर होती, सोलापूर ते मंद्रूप अशा खेपा करायची. गाडीचं सगळं काम ते घरासमोर स्वतःच करत. दुसऱ्याच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि स्वतःच्या हातावर जरा जास्तच होता.

ब्रेक तेलावर चालतो. पायाने पेडल दाबलं की तेल नळ्यांतून चाकांपर्यंत रेटलं जातं आणि गाडी थांबते. नळ्यांत हवा शिरली की पेडल उशीसारखं मऊ लागतं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागे आडवं होऊन छोटा स्क्रू सोडायचा आणि आवळायचा. या घरात पेडल दाबणाऱ्या महानंदाबाई होत्या. बाहेरून आवाज यायचा, "दाब. धर. आता सोड." नऊ वर्षं त्यांनी ते केलं. मग त्यांचा गुडघा धरला. तासभर दाबत बसलं की रात्रभर ठणकायचा.

१९७४ साली घरात गॅस आला आणि मी माळ्यावर गेले. दोन महिन्यांनी चनमल्लप्पांनी मला खाली काढलं. पुण्याच्या एका गॅरेजमध्ये त्यांनी दाबाने हवा काढायचं यंत्र पाहिलं होतं. टाकीत ब्रेकचं तेल भरायचं, वर हवा भरायची, आणि पाइप गाडीच्या तेलाच्या भांड्याला जोडायचा. मग पेडल दाबायला माणूस नको. टाकीतला दाबच तेल पुढे ढकलतो आणि तेल हवेला बाहेर काढतं.

त्यांनी माझा बर्नर काढला. तळापर्यंत पोचेल अशी नळी आत सोडली, सांध्याला डाग देऊन घेतला. गाडीच्या तेलाच्या भांड्याचं एक जुनं झाकण मिळवलं, त्याला भोक पाडून पाइप बसवला. काम सुबक होतं. मग मला उलटं करून राकेल ओतून टाकलं, दोनदा हलवलं आणि अर्धा तास उन्हात ठेवलं.

महानंदाबाई सुपात शेंगा घेऊन निवडत उंबऱ्यात बसल्या होत्या. "काय करालाव हे?"

"तुझ्या गुडघ्याला सुट्टी द्यालोय."

त्यांनी मला उचललं आणि झाकण उघडून नाक लावलं. "अजून राकेल हाय की आत. सोडा घालून उकळावं लागतं हे. नुसतं ओतून जात न्हाय."

"चार चमचे राहिलं असंल. त्यानं काय होतंय?"

"मी अकरा वर्षं हाताळलंय हिला."

"स्टो म्हणून हाताळलीस. हे मशीन हाय आता."

त्या शेंगांनी भरलेलं सूप उचलून आत गेल्या.

त्या दिवशी मी माझं काम चोख केलं, हे सांगायला हवं. लांबच्या चाकापासून सुरुवात झाली. काचेच्या बाटलीत बुडबुडे आले, मग बुडबुडे थांबले, मग सलग तेल आलं. चारही चाकं तासाभरात झाली. पेडल घट्ट लागलं. चनमल्लप्पांनी तीन शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

राकेल आणि ब्रेकमधलं रबर यांचं पटत नाही. रबर राकेल पितं आणि फुगतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी सांगणार कशी?

दोन आठवड्यांनी पेडल सावकाश वर येऊ लागलं. चाकं तापू लागली. चनमल्लप्पा म्हणाले, उन्हाळा आहे. तिसऱ्या आठवड्यात मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी ते पाच उतारू घेऊन निघाले. मी डिकीत होते. मला दिसलं काही नाही, ऐकू मात्र सगळं आलं. बाजारात शिरताना गाडी हळू झाली, मग हळू व्हायची थांबली. पेडल तळाला टेकल्याचा खट्ट आवाज झाला. "बाजूला व्हा! बाजूला!" असं चनमल्लप्पा ओरडले. त्यांनी गाडी कडब्याच्या ढिगाकडे वळवली आणि हातब्रेक ओढला. गाडी ढिगात शिरून थांबली. ढिगाच्या कडेला सोनाबाई नावाची म्हातारी मिरच्या-कोथिंबीर घेऊन बसली होती. चाक तिच्या घोट्यावरून गेलं होतं.

तिला सोलापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं.

गाडी मंद्रूपलाच राहिली. तिथल्या येडू मिस्त्रींनी ब्रेक उघडले. रबराची वाटी त्यांनी तळहातावर धरली. "अप्पा, ही बघा. पुरीवानी फुगलीय. तेलात राकेल गेलंय ह्या."

चनमल्लप्पांनी वाटी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग म्हणाले, "शंकरप्पाकडचं तेल हाय. भेसळ केली त्यानं."

शंकरप्पांचं सुट्या भागांचं दुकान सोलापुरात टॅक्सीवाल्यांच्या अड्ड्याजवळ होतं. चनमल्लप्पा गाठोडी-पिशव्यांसकट तडक तिथे गेले. मीही एका पिशवीत होते. भर दुकानात ते म्हणाले, "तुझ्या तेलानं एका म्हातारीचा पाय मोडला. चोर हायस तू." शंकरप्पांनी सीलबंद डबा पुढे ठेवला, ग्रामदैवत सिद्धरामाची शपथ घेतली. कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून टॅक्सीवाले दुसरीकडून तेल घेऊ लागले.

त्या संध्याकाळी घरी कोणी नसताना चनमल्लप्पांनी मला पिशवीतून काढलं. झाकण उघडलं. वास घेतला. मग त्यांनी झाकण घट्ट लावलं, मला पोत्यात गुंडाळलं आणि मोरीमागच्या कोनाड्यात सरपणाखाली ठेवलं.

म्हणजे त्यांना कळलं होतं. ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

तिथे मी पंधरा दिवस होते. घरातली बोलणी भिंतीपलीकडून ऐकू येत. घरी चनमल्लप्पांनी तेलात भेसळ होती एवढंच सांगितलं होतं, राकेलचं नाव काढलं नव्हतं. चनमल्लप्पा दर दोन दिवसांनी दवाखान्यात जात, सोनाबाईला फळं नेत. घरी आले की जेवताना बोलत नसत. एकदा महानंदाबाई म्हणाल्या, "शंकरप्पाची बायको आज नळावर आली हुती. कुणी बोललं न्हाय तिच्याशी." ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

मग एक दिवस महानंदाबाईंना पोतं हवं झालं. त्यांनी सरपण उपसलं, पोतं ओढलं, आणि मी त्यांच्या मांडीवर पडले. त्यांनी झाकण उघडलं. वास घ्यायचीसुद्धा गरज नव्हती.

चनमल्लप्पा घरी आले तेव्हा मी चौकटीसमोर, जेवणाच्या पाटावर होते.

"हिला कुणी लपवलं?" महानंदाबाईंनी विचारलं.

"लपवली न्हाय. ठेवली."

"सरपणाखाली?"

ते खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हातारीचा पाय माझ्या हातनं मोडला, हे कसं सांगू? तीस वर्षं गाडी चालवालोय मी. एक ओरखडा न्हाय कुणाला."

"आणि शंकरप्पाला ओरखडा न्हाय?"

चनमल्लप्पांनी टोपी उचलून पुन्हा गुडघ्यावर ठेवली. मग त्या म्हणाल्या, "मी तुमाला सांगितलं हुतं, ते मी कुणाला सांगणार न्हाय. पण तुमी सांगितल्याशिवाय मी वाढणार बी न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी चनमल्लप्पांनी मला पिशवीत घातलं. आधी दवाखान्यात गेलो. त्यांना वाटलं असावं, तिथे सोपं जाईल. त्यांनी मला सोनाबाईच्या खाटेवर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

सोनाबाई माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजी ह्या भांड्यानं?"

"भांड्यानं न्हाय. माझ्या आळसानं."

"आन् मी पंधरा दिस त्या दुकानदाराला शिव्याशाप दिलं. रोज. लई वंगाळ दिलं." तिने डोळे मिटले. "माझा पाय काय, जुळंल न्हाईतर राहील. त्या शिव्या मी आता माघारी कशा घेऊ?"

चनमल्लप्पा मला परत पिशवीत घालू लागले.

"मला काय सांगताव हितं कोपऱ्यात? चोर कुटं म्हनलाव त्याला? तितं जावा."

शंकरप्पांच्या दुकानात एरवी गर्दीची असायची ती वेळ होती. चनमल्लप्पांनी मला गल्ल्यासमोर ठेवलं, झाकण काढलं आणि मोठ्याने म्हणाले, "शंकरप्पाचं तेल चांगलं हुतं. राकेल माझ्या टाकीत हुतं. मला ते त्याच दिवशी कळलं हुतं, तरी मी गप बसलो." एकेकाने पुढे येऊन माझ्या आत वाकून वास घेतला. माझ्या आयुष्यात मला इतक्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं.

शंकरप्पा हिशेबाची वही न मिटता म्हणाले, "अप्पा, आज हितं सहा माणसं हायत. त्या दिवशी वीस तरी असतील. बाकीच्यांना कोण सांगणार?"

चनमल्लप्पांनी मान डोलावली. त्या आठवडाभर ते मला घेऊन अड्ड्यावर, चहाच्या हॉटेलात, मंद्रूपच्या बाजारात हिंडले. दोघे-तिघे त्यांना हसले. एका टॅक्सीवाल्याने त्यांच्याबरोबर चहा प्यायला नकार दिला. ते पुढच्या माणसाकडे गेले. टॅक्सीवाले हळूहळू शंकरप्पांच्या दुकानी परतले. सगळे परतले नाहीत.

सोनाबाईचा पाय जुळला, पण वाकडा जुळला. ती काठी घेऊन चालू लागली. बाजाराच्या दिवशी तिच्या पाट्या चनमल्लप्पा गाडीतून नेत, आणि तिला पुढच्या सीटवर बसवत. तिने त्यांना माफ केलं की नाही, ते मला कधी कळलं नाही. गाडीत बसल्या बसल्या ती फक्त विचारायची, "बिरेक बघितलाव का?"

महानंदाबाईंनी मला सोडा घालून तीनदा उकळलं. स्पिरिटने विसळलं. तीन दिवस कडक उन्हात उलटं ठेवलं. पाइप आणि रबरं नवी आली. पुढच्या वेळी हवा काढताना चनमल्लप्पांनी पहिल्यांदाच विचारलं, "किती दट्टे मारू?" महानंदाबाईंनी त्यांच्या हातातून मला घेतलं, खुर्चीवर बसल्या आणि स्वतः दट्टा मारू लागल्या. पेडल दाबण्यापेक्षा ते गुडघ्याला सोपं होतं. कान माझ्याकडे होता. योग्य दाब आला तसं त्या म्हणाल्या, "साकु. उघडा आता."

पाच वर्षं आम्ही तिघांनी असं काम केलं. मागच्या वर्षी चनमल्लप्पांची नजर मंदावली. गाडी टेंभुर्णीच्या एका माणसाने विकत नेली. मी मात्र इथेच राहिले. आता मला गल्लीतले, अड्ड्यावरचे लोक मागून नेतात. कोणी मागायला आलं की चनमल्लप्पा त्याला आधी बसवतात, पाणी देतात आणि मंद्रूपची सगळी हकीकत सांगतात. स्वतःची चूक वगळत नाहीत. पोत्याची आणि सरपणाची गोष्टही सांगतात. घाईत असलेली माणसं चुळबुळ करतात, पण ऐकल्याशिवाय मी कोणाच्या हाती लागत नाही.

ते आता थकले आहेत. परवा सांगता सांगता मध्येच थांबले, आणि पुढचं महानंदाबाईंनी सांगितलं. एक दिवस दोघेही नसतील आणि कोणीतरी मला नुसतंच उचलून नेईल. माझ्या पोटात काय राहिलंय ते मला आतून कळतं, पण ओरडून सांगता येत नाही. म्हणून आत्ताच बोलून घेतलं. मला न्या, खुशाल वापरा. फक्त तेल ओतायच्या आधी झाकण उघडा, आणि वास घ्या.