ठळक मथळे

नानाखेड्यातल्या त्या घरात ऊन घाईने शिरत नसे. आधी ते समोरच्या पाण्याच्या टाकीच्या कडेवर रेंगाळे, मग वाळत घातलेल्या चादरीतून झिरपून गॅलरीच्या फरशीवर उतरे आणि पुष्कळ वेळाने, परवानगी मागितल्यासारखे, बापूंच्या खुर्चीपाशी येई. त्या पिवळ्या, मुक्या उजेडात घरातले काहीच बिघडलेले नाही, असे सौमित्रला रोज वाटे.

आज मात्र टॅब्लेट बोलत होता आणि बापू भडकले होते.

"पुन्हा प्रस्तावना! सौम्या, हा गाढव मला शंकुयंत्राच्या प्रकरणावर का नेत नाही?"

वेधशाळेतल्या यंत्रांवरचे ते पुस्तक बापूंचेच, म्हणजे सौमित्रच्या वडिलांचे. त्याचे ई-पुस्तक सौमित्रने केले होते. तोच त्याचा व्यवसाय. दुपारी शाळेतल्या मुलांसमोर बापूंना त्यातून बोलायचे होते. पण वाचणारा आवाज मथळा आणि मजकूर एका दमात ओढत होता. तळटिपा वाक्यांत घुसत होत्या.

"मथळे ठळक केलेत, बापू. लाल. अजून मोठे करतो."

"कर! भिंतीएवढे कर!"

चहा घेऊन आलेली त्याची थोरली बहीण, अक्का, दारातच थांबली. "परवा कुठल्याशा प्रकाशकाला फोनवर केवढा झापलास! 'साहब, अक्षर मोटा करने से हेडिंग नहीं बनता, मशीन को बताना पड़ता है.' मग बापूंच्याच पुस्तकात मशीनसाठी तशा खुणा का नाही घातल्यास?"

"डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना, अक्का! थोड्या दिवसांत ते स्वतः वाचतील. असल्या खुणा तर..."

"बोल ना पुढे. कुणासाठी असतात?"

सौमित्रच्या कानशिलांत रक्त तापले. डॉक्टरचा, अक्काचा, त्या निर्विकार आवाजाचा त्याला संताप आला.

"भांडू नका," बापूंनी टॅब्लेट दूर लोटला. "शाळेत फोन लाव. सांग, मास्तर येत नाहीत. पोरांसमोर माझा तमाशा नको."

सौमित्रने फोन उचलला. नंबर मात्र त्याच्याने लावला गेला नाही. दात आवळून तो संगणकासमोर बसला. लाल रंग पुसला. एकेका मथळ्याला मथळा म्हणून, टिपेला टीप म्हणून खूण केली. कळा तो अशा आपटत होता, जणू कुणाला मारतो आहे.

टॅब्लेट त्याने पुन्हा बापूंच्या हातात दिला. बापूंनी बोट सरकवले. आवाज एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उतरत गेला: "शंकुयंत्र."

"हां, आता कसं!" बापू म्हणाले. टॅब्लेट त्यांनी उलटा धरला होता.

बापूंना दिसत नव्हते, आणि यापुढे दिसणार नव्हते.