पहिली सही

मी एका पुलाचा लाकडी नमुना बोलतोय. माझी आठवण कितपत भरवशाची, याची मलाच शंका आहे. मधला खांब चिकटवताना माझ्या कारागिराचा हात थरथरला होता, की मला उगीच तसं वाटतं, कोण जाणे. पण तो खांब किंचित कलता राहिला, एवढं खरं. त्या कलण्यानं मला जन्मभर छळलं.

पुलासाठी सरकारी पैसा आला होता. तीन खात्यांची परवानगी तेवढी हवी होती. मला बैठकीच्या टेबलावर ठेवलं. पाटबंधारेवाले म्हणत, "आधी बांधकामची सही येऊ द्या." बांधकामवाले म्हणत, "आधी वनखात्याची." वनखातं पाटबंधाऱ्याकडे बोट दाखवी. घोडं तिथंच पेंड खाई. बैठक चालवणारे मोठे साहेब चहाचा कप माझ्या पाठीवर टेकवत आणि बिस्किटाचा चुरा माझ्या निळ्या नदीत झाडत.

पलीकडच्या काठावरची नर्सताई दर वर्षी चौकशीला येई.

"साहेब, पुलाचं कुठवर आलं?"

"चक्रं फिरताहेत, ताई."

"चक्रं फिरताहेत, पण गाडी कुठाय? गरोदर बायांना मी अजून नावेतूनच आणते."

सगळे खो खो हसत.

एका वर्षी ती आली, पण बसली नाही. "नाव उलटली," ती म्हणाली. "हात धरला होता मी तिचा. सुटला. पोटातल्या लेकरासकट गेली."

"फार वाईट झालं," साहेब म्हणाले. "पण नियमापुढे आम्ही तरी काय करणार?" आणि कप पुन्हा माझ्यावर ठेवला.

मला त्या माणसांची शिसारी आली. स्वतःची त्याहून जास्त. एवढी शिकलेली माणसं उगीच का अडवतील? माझ्याच खांबात त्यांना खोट दिसली असणार.

पुढे वरून आदेश आला: तिन्ही खात्यांनी एका खोलीत बसून एकाच दिवशी निर्णय द्यायचा. त्यातही आधी कोण, यावर जुंपली. शेवटी तिघांनी तीन प्रतींवर एकदम पेन टेकवले. चहा निवायच्या आत पूल मंजूर!

आता पूल उभा आहे आणि मी कपाटात. कधी मला बाहेर काढलंत, तर कपांचे डाग पुसू नका. ते राहू द्या.

मधे एका समारंभासाठी मला पुन्हा मांडलं होतं. निवृत्त साहेब आले होते, केस पिकलेली नर्सताईही. तिनं विचारलं, "साहेब, तेव्हा नेमकं अडलं कुठं होतं? नकाशात काही चूक होती का?"

"छे हो! नकाशा पहिल्या दिवसापासून चोख होता," साहेब हसत म्हणाले. "हरकत कोणाचीच नव्हती. पहिली सही कोण करणार, एवढंच."