माझ्या पोटातली नदी

मित्रांनो, शारजाजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या भंगाराच्या गोदामात धूळ खात पडलेला हा जुना संगणक पाहून नाक मुरडू नका. कोट्यवधी वर्षे मी एकट्याने चालवून दाखवली आहेत!

शारजातल्या एका कचेरीत मी नवाकोरा आलो. तिथे धनंजय सर आणि सुमेधाताई हे दोघे भूवैज्ञानिक होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथल्या समुद्राचा तळ कसा हळूहळू खचला आणि त्यावर गाळाचे थर कसे साचत गेले, हे मी हिशेब करून पडद्यावर दाखवायचो. त्याला दिवसच्या दिवस लागत. मध्येच कुणी बंद करू नये म्हणून ताई मला चिठ्ठी चिकटवत. तेव्हा माझा कोण रुबाब!

पहिल्याच खेपेला मात्र फजिती झाली. धनंजय सर चिपळूणचे. गाळ आणावा तो नदीनेच, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेले. त्यांनी मला एक भलीमोठी नदी दिली. मी पडलो सांगकाम्या. सगळा समुद्र वाळूने भरून टाकला. खऱ्या तेलविहिरीतून तर चुनखडक निघाला होता.

सुमेधाताई हसत सुटल्या. "अरे धनंजय, इथे नदी कुठून आणलीस? इथला गाळ समुद्रातच तयार झाला, शिंपल्या-प्रवाळांच्या चुऱ्याचा. चिपळूण आहे का हे?"

"सॉरी मॅडम, घरची सवय! यल्ला, चला, पुन्हा रन करू."

या वेळी नदी नव्हती आणि थर विहिरीशी जुळले. सरांनी मला शाबासकीची थाप दिली. ते दिवस फार सुखाचे होते.

पुढे सर कायमचे गावी परतले. नवा संगणक आला आणि मी टेबलाखाली गेलो. एका दुपारी कचेरीतले वासिफभाई मला भंगारात न्यायला ट्रॉली घेऊन आले. आमचे सगळे काम अजून माझ्याच पोटात होते. मी फार घाबरलो.

"रुकिए वासिफभाई!" ताई धावत आल्या. "इसमें हमारा पूरा काम है. कॉपी करना रह गया."

"मॅडम, नया वाला फटाफट बना देगा."

"नये वाले को हमारी गलतियाँ कहाँ मालूम?"

ताईंनी मला शेवटचे सुरू केले. एकेक काम नव्या संगणकात जाऊ लागले. शेवटी ती चुकलेली नदी आली.

"ये तो गलत है ना? डिलीट?" वासिफभाईंनी विचारले.

"नहीं," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "ये हमारे धनंजय की नदी है."

मित्रांनो, वरचा थर खालच्या थरावरच टेकलेला असतो. म्हणून जुने टाकण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहा. माझे आता खलास झाले, त्याचे दुःख नाही. चिपळूणची ती नदी शारजात अजून वाहते आहे.