गोल घड्याळाचं घर

घर शोधायचं अ‍ॅप रोज सकाळी सात वाजता मला कळवतं की माझ्या स्वप्नातलं घर सापडलं. नऊ महिने झाले, एका दिवसाचा खाडा नाही. माझ्या स्वप्नात घरंबिरं येत नाहीत. आल्याच तर अर्धवट राहिलेल्या कॉलरी येतात, कारण मी घरी शिवणकाम करते आणि कपडे कधीच वेळेवर देत नाही.

मला घर हवंय ते बाबांसाठी. बाबा सुतार. मागच्या वर्षी शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर घेऊन चालतात. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर चढवलं. त्यानंतर ते एकदाही खाली उतरलेले नाहीत. खिडकीत बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांवर शेरे मारतात. म्हणून तळमजल्यावरचं, पायऱ्या नसलेलं घर हवं. इतकं साधं मागणं होतं.

पण अ‍ॅपला साधं काही समजत नाही. त्यात पोहण्याचा तलाव निवडता येतो, कुत्रा चालेल का ते विचारता येतं, सूर्यास्त दिसणारी बाल्कनीसुद्धा मागता येते. ‘पायरी नको’ असं कुठेच लिहिता येत नाही. ‘तळमजला’ निवडला की ते आठ पायऱ्या चढून जायचा तळमजला दाखवतं. मदत केंद्राला फोन केला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, तुमची सूचना आम्ही पुढे पाठवतो.” पुढे म्हणजे कुठे ते देवाला ठाऊक.

वर आमचा एजंट. “पाच मिनिटांत पोचतो” हे त्याचं पालुपद, म्हणून आम्ही त्याला पाचमिनिटंच म्हणतो. त्याची वाट बघत मी किती फाटकांपुढे ताटकळले, त्याची गणतीच नाही.

आणि या सगळ्यांपेक्षा भारी म्हणजे माझे बाबा. त्यांना घरं बघायला नेता येत नाही, म्हणून मी माझा जुना फोन त्यांना दिला, त्यात त्यांचं सिम घातलं आणि अ‍ॅप कसं वापरायचं ते शिकवलं. हा मी स्वतःच्या हाताने पायावर मारून घेतलेला धोंडा. पहिल्याच दिवशी एका चकचकीत दिवाणखान्याचा फोटो बघून ते म्हणाले, “भिंतीवरचं घड्याळ बघ.”

“काय झालं घड्याळाला?”

“अंडं झालंय त्याचं. फोटो आडवा ताणलाय. ही खोली दाखवतायत त्याच्या पाऊण आहे.”

मी जाऊन मोजली. पाऊणच निघाली.

तेव्हापासून बाबांच्या उत्साहाला ऊत आला. फरशा मोजून खोलीची लांबी सांगायची, कडीच्या उंचीवरून दाराची रुंदी काढायची, आणि मग नाही म्हणायचं. एकूण एकेचाळीस घरं. सुरुवातीची खरोखर पायऱ्यांमुळे गेली, ते मला मान्य. पण नंतर पायऱ्या नसलेलीही चार-पाच आली. मी तिथे जायचे, व्हिडिओ कॉल लावायचे, टेपने मोजायचे, आणि बाबा तिकडून म्हणायचे, “मागच्या खोलीचं दार मोज.”

“बाबा, मागच्या खोलीत तुमचं काय काम?”

“वॉकर सगळीकडे जायला हवा.”

मी मोजायचे, आकडा सांगायचे, आणि बाबा म्हणायचे, “बसत नाही.” झालं. ते घर खलास. वॉकरची रुंदी मला पाठ आहे. त्या दारांतून वॉकर गेला असता आणि शेजारून मीही गेले असते! पण बाबा एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाहीत.

भांडले मी. एकदा तर मी म्हणाले, “तुम्हाला खाली उतरायचंच नाहीये का?” त्यावर ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि जेवायलाही उशिरा आले.

माझीही एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती. मी ज्यावर कापड बेतते ते टेबल सात फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. मी शिवणाचं काम सुरू केलं तेव्हा बाबांनी ते याच खोलीत, माझ्यासमोर बसून केलं. ते कधी दारातून आत आलेलं नाही, त्यामुळे बाहेर कसं जाणार तेही मला माहीत नव्हतं. आम्हाला जमतील अशी तळमजल्यावरची घरं म्हणजे खुराडी. त्यांत एक तर टेबल मावेल नाहीतर बाबा. म्हणून सात महिन्यांपूर्वी, बाबा अंघोळीला गेलेले बघून, मी टेबलाचे फोटो काढले आणि जुन्या वस्तू विकायच्या एका अ‍ॅपवर टाकले. नंतर कुठेतरी कारखान्यात नोकरी धरेन, असं स्वतःला समजावलं. त्या दिवशी मला एक शिलाई सरळ घालता आली नाही.

त्या अ‍ॅपवर एकच गिऱ्हाईक चिकटलं. नाव ‘नवीन सदस्य’, फोटोच्या जागी नुसतं राखाडी डोकं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, “लाकूड कोणतं?” मी सांगितलं. मग, “पाय निघतात का?” मी लिहिलं, “माहीत नाही. बनवणाऱ्याला विचारून कळवते.” कळवलं अर्थातच नाही, कारण विचारायचं म्हणजे बाबांना सगळं सांगणं आलं.

राखाडी डोक्याने टेबल ‘राखून ठेवलं’. ते सात दिवस राहतं, तोवर दुसऱ्या कुणाला घेता येत नाही. आठव्या दिवशी त्याने पुन्हा राखलं, मग पुन्हा. सात महिने हा माणूस न चुकता टेबल अडवून बसला होता. न्यायला येत नव्हता, सोडतही नव्हता. ते रद्द करायचं बटण माझ्याकडे होतं. खरं सांगायचं तर मी ते दाबत नव्हते, आणि वर त्याच्या नावाने बोटं मोडत होते.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. विकायला काढलेल्या आमच्या राहत्या घराला गिऱ्हाईक मिळालं आणि त्याला महिनाअखेर किल्ली हवी होती. अशात एका सकाळी बाबांनी हाक मारली. यादीच्या अगदी तळाला एक घर होतं. फोटो अंधारे, प्रत्येकात मालकिणीचा अंगठा आलेला. अ‍ॅपने खाली शेरा मारला होता, ‘छायाचित्रांचा दर्जा कमी’.

“घड्याळ गोल आहे,” बाबा म्हणाले. “जा.”

मालकीण एक निवृत्त नर्सबाई होत्या. पाचमिनिटंची गरजच पडली नाही, त्यांनी स्वतः दार उघडलं. रस्त्यावरून फाटक, फाटकातून दार, मध्ये एकही पायरी नाही. मी खाली बसून उंबऱ्याला हात लावून बघितला, अर्धा इंचसुद्धा नव्हता. न्हाणीघराचं दार रुंद. दारासमोर बाकडं आणि पलीकडे माणसांची ये-जा असलेला रस्ता. बाबांना शेरे मारायला आयुष्यभर पुरेल एवढा.

“संध्याकाळी आणखी एक जोडपं येतंय,” नर्सबाई म्हणाल्या. “तुमचं काय ते आत्ताच सांगा, म्हणजे मला बरं.”

मी व्हिडिओ कॉलवर बाबांना सगळं फिरून दाखवलं. ते खूश होते, मला कळत होतं. मग म्हणाले, “मागच्या खोलीचं दार मोज.”

मोजलं. “तीस इंच. बाहेर अरुंद बोळ आहे.”

“बसत नाही.”

“काय बसत नाही? वॉकर बसतोय! बाबा, मी हे घर घेतेय. तुम्ही काहीही म्हणा.”

“थांब म्हटलं ना.”

मी थांबले नाही. कॉल चालू ठेवूनच दुसरं अ‍ॅप उघडलं आणि रागारागाने राखाडी डोक्याला लिहिलं, “आज येऊन टेबल घेऊन जा, नाहीतर राखून ठेवलेलं रद्द करते. हे शेवटचं.”

पाठवलं, आणि कॉलमधून टिंग असा आवाज आला.

“थांब, काहीतरी आलंय,” बाबा म्हणाले. त्यांचं चित्र जागच्या जागी थिजलं. ते दुसरं काही उघडतात तेव्हा नेहमी तसंच होतं. माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली, ‘नवीन सदस्य लिहीत आहे’. बराच वेळ तेच. बाबा एका बोटाने टाइप करतात.

मग निरोप आला. “पाय निघतात का ते आपण बनवणाऱ्याला विचारून कळवणार होता. अजून कळवलं नाही.”

मी तिथेच खाली फरशीवर बसले. नर्सबाईंनी न विचारता पाणी आणलं.

चित्र हललं, बाबा परत आले. चष्मा कपाळावर होता.

“तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

“तू दिलेल्या फोनमध्येच ते दुकान होतं. एक दिवस म्हणालं, तुमच्याजवळ विक्रीला टेबल, अंतर शून्य किलोमीटर. मान वळवली तर समोर तेच.”

“मग मला सरळ विचारायचं होतं!”

“तू सरळ सांगितलंस?”

“बाबा, सात महिने! घरं गेली हातची. सात महिने तुम्ही वर अडकून पडलात, रस्त्यावर पाऊल टाकलं नाही...” मला त्यांचा इतका राग आला होता की समोर असते तर वॉकर हिसकावून घेतला असता.

“तुझं टेबल विकून मला खाली उतरायचं नव्हतं,” बाबा म्हणाले. “ती दारं मी टेबलासाठी मोजायला लावत होतो. तू विचारशील म्हणून थांबलो होतो.”

नर्सबाई दारात उभ्या होत्या, घड्याळाकडे बघत.

मी नाक पुसलं आणि फोन तोंडासमोर धरला.

“बाबा, टेबलाचे पाय निघतात का?”

“निघतात,” बाबा म्हणाले. “चार खुंट्या आहेत, आतल्या बाजूने ठोकून काढायच्या. फळी कडेवर उभी धरली की तीस इंचांतून आरामात जाते.” आणि मग म्हणाले, “त्या बाईंना हो सांग. आणि खुर्ची घेऊन चार माणसं बोलाव, मला खाली यायचंय.”