तुलनेपुरत्या अकराजणी

नाणं आमच्या डोळ्यांदेखत उडवलं, त्यामुळे फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. विद्यापीठातून आलेली ती पोरगी, तिला आम्ही पाहणीबाई म्हणायचो, टेबलावर पडलेल्या नाण्याकडे बघून म्हणाली, "खालचा हॉल." झालं. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालणाऱ्या आम्ही बावीसजणी, अकरा खाली, अकरा वर. खालच्यांना बसून काम करायला उंच स्टुलं मिळणार होती.

"आणि आम्हाला?" मी विचारलं.

"तुम्हाला काही नाही. तुम्ही तुलनेचा गट. तुमच्यात काहीच बदलायचं नाही. सहा आठवडे दोन्हीकडच्या चादरी मोजायच्या, रजा मोजायच्या, दर शुक्रवारी तब्येतीचा कागद भरायचा. स्टुलांनी फरक पडला, तर सगळ्यांना स्टुलं. तसं साहेबांनी कबूल केलंय."

शेवटची वाक्यं मी ऐकलीच नाहीत. 'काही नाही' एवढंच कानात शिरलं आणि डोकं तापलं. माझं डोकं तापायला तसंही फार सरपण लागत नाही.

माझी थोरली जाऊ खालच्या हॉलात. घर एक, स्वयंपाकघर एक. बारा वर्षं उभं राहून तिच्या पिंडऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या होत्या. स्टुलं आल्यावर चौथ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "अगं, आज घरी येईपर्यंत पाय माझेच आहेत असं वाटलं." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याच दिवशी सुपरवायझर आमच्या हॉलात येऊन दात काढत म्हणाला होता, "तुमचं काय बायांनो, तुम्ही नुसत्या मोजण्यापुरत्या."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी जाहीर केलं, "त्या बसून जेवढ्या घालतात, त्याहून दोन जास्त आपण उभ्याने घालून दाखवायच्या."

"कोणाला दाखवायच्या?" मावशीने विचारलं. आमच्यात वयाने तीच मोठी.

"सगळ्यांना."

यापुढे कोणी काही विचारलं नाही. इरेला पेटलो की आमच्या हॉलाला तहानभूक राहत नाही. चहाची सुट्टी गेली. गप्पा गेल्या. अंगात ताप असला तरी रजा नाही, कारण रजाही मोजत होते. पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं आली. मी रोज संध्याकाळी भाजी चिरता चिरता जावेला सहज विचारल्यासारखं विचारायची, "आज किती झाल्या तुमच्या?" ती आकडा सांगायची आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या वर जायचो. शुक्रवारच्या कागदावर प्रश्न असायचा, 'पाय, कंबर दुखते का?' अकरा कागद, अकरा वेळा 'नाही'. तिसऱ्या आठवड्यात मावशी चक्कर येऊन भिंतीला टेकली, तेव्हाही तिने त्या शुक्रवारी ठसठशीत 'नाही' लिहिलं. मला तिचा अभिमान वाटला. माझी अक्कल एवढीच.

निकालाच्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी दोन्ही हॉलांतून दोघीदोघींना बोलावलं. वरून मावशी आणि मी, खालून जाऊ आणि तिची शेजारीण. भिंतीवर तक्ता होता. सुरुवातीला दोन्हीकडे बाईमागे दिवसाला एकशे चाळीस चादरी. आता खाली एकशे अडुसष्ट, वर एकशे एकोणसत्तर. एक जास्त! घ्या म्हटलं मनात.

"म्हणजे स्टुलांनी काही फरक पडत नाही," साहेब म्हणाले. "कोणी मोजायला आलं की काम वाढतं, एवढंच. शुक्रवारी स्टुलं परत जातील. आणि एकशे अडुसष्ट जमतात हे तुम्हीच दाखवलंत. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना तोच आकडा."

जाऊ माझ्या शेजारीच उभी होती. ती स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. मी तो जावेच्या पायावर पाडला होता.

घरी आल्यावर मी तिच्यापुढे सगळं ओकले. "ताई, आम्ही मुद्दाम केलं. तुमचा आकडा विचारून विचारून केलं."

"मला काय कळत नव्हतं?" ती म्हणाली. "वाटलं, हौस आहे तुझी, होऊ दे. याचं असं होईल हे नव्हतं कळलं." मग पाय बादलीत सोडून म्हणाली, "आता निस्तर."

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी मी पाहणीबाईला गाठलं. तिला कपड्यांच्या कोठारामागे एक खोली दिली होती, त्यात एक टेबल आणि कागदांचे गठ्ठे. मी सांगत गेले तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे तुलना उरलीच नाही," ती म्हणाली. "तुमच्यात काही बदलू नये म्हणून तुम्हाला वेगळं ठेवलं, आणि सगळ्यात जास्त बदललात तुम्हीच. असं होतं. ज्यांना काही मिळत नाही, ते कधी कधी चिडून जास्त राबतात. मी हे शिकलेय हो. तरी मी नुसती मोजत बसले, तुम्हाला विचारलं नाही."

"मग हेच साहेबांना सांगा."

"नुसत्या सांगण्यावर ते मानणार नाहीत. कागदांवर 'त्रास नाही' म्हणून तुमच्याच सह्या आहेत." तिने दार लोटलं. "आणि तापात कामावर आलात हे लिहून दिलंत, तर नोकरी जाऊ शकते. रुग्णांच्या चादरी आहेत त्या."

ते खरंच होतं, आणि त्याची मला लाज वाटली. इतके दिवस ते मनातही आलं नव्हतं.

"तब्येतीचे कोरे कागद आहेत?" मी विचारलं.

"आहेत. किती हवेत?"

"अकराजणींचे, सहा आठवड्यांचे. सहासष्ट."

जेवणाच्या सुट्टीत कागद टेबलावर ठेवून मी म्हटलं, "खोटं लिहायला मी लावलं. खरं लिहायची सक्ती नाही." मावशीने पहिलं पेन उचललं. ताप दोन दिवस. गोळ्या रोज. चक्कर एकदा. तिचं बघून बाकीच्या बसल्या. नुकतीच लागलेली एक होती, तिने आपले सहा कागद कोरेच परत दिले. तिला कोणी काही बोललं नाही. घर तिच्या एकटीच्या जिवावर होतं.

शुक्रवारी साठ कागद साहेबांच्या टेबलावर गेले. पाहणीबाई पुढे होऊन बोलली. "'फरक नाही' हा निष्कर्ष मी मागे घेतेय. माझ्या अहवालात ते वाक्य राहणार नाही. माझं वर्ष वाया गेलं तरी चालेल."

साहेबांनी चारपाच कागद उलटले. "म्हणजे सहा आठवडे तुम्ही खोटं लिहिलंत. यावर तुम्हाला काढता येईल, माहीत आहे?"

"माहीत आहे. म्हणून तर तारखा घातल्यात, तुम्हाला शोधाशोध नको," मी म्हटलं. "काढा दहाजणींना. जागी ज्या येतील त्यांच्याकडून उभ्याने एकशे अडुसष्ट घालून घ्या, सहा आठवडे नाही, सहा वर्षं. आणि मग करा तुलना."

"तुमचं नंतर बघतो. स्टुलं आज जाणार."

पाहणीबाई आणि मी जिना उतरलो तेव्हा दोन हमाल हातगाडी घेऊन खालच्या हॉलात शिरले होते. पहिलंच स्टूल माझ्या जावेचं. हमाल म्हणाला, "बाई, उठा, स्टूल न्यायचंय."

बारा वर्षांत सुपरवायझरपुढेही जिचा आवाज चढला नव्हता, ती मान वर न करता म्हणाली, "मोजतेय. मधे बोलू नका." आणि मोठ्याने मोजायला लागली, "एक्केचाळीस. बेचाळीस."

हमाल दुसऱ्या बाईकडे वळला. तीही मोजत होती. तिसरीही. अकराजणी अकरा आकडे म्हणत होत्या आणि एकही उठत नव्हती. सुपरवायझर ओरडला. गलका ऐकून वरच्या आमच्या सगळ्या खाली आल्या, ती नवी पोरगीसुद्धा, आणि गाडीच्या वाटेत उभ्या राहिल्या. उभं राहायची सवय आम्हाला होतीच.

जावेने माझ्याकडे बघितलं आणि ती उठली. मला वाटलं, हरली. तिने माझा दंड धरला आणि मला ओढून स्टुलावर बसवलं.

"ताई, तुमचे पाय..."

"बस म्हटलं ना."

सहा आठवडे ज्याला हरवायला मी जीव काढला, त्यावर मी पहिल्यांदा बसले. टाचांपासून कंबरेपर्यंत काहीतरी सुटत गेलं. आपल्याला इतकं दुखत होतं हे मला तेव्हा कळलं. मी रडले. सगळ्यांसमोर, सुपरवायझरसमोर रडले, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

जाऊ हमालापुढे जाऊन उभी राहिली. "न्यायचंय ना? हिच्यासकट न्या."

हमालाने गाडीचा दांडा सोडला. जिन्यात साहेब येऊन थांबले होते. मी नाक पुसलं, पुढ्यातली चादर ओढली, आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एक."