आतला टिळा

साहेब, तुम्ही हात जोडलेत. पायांतले बूट काढून, पहिल्या रांगेत बसून, तुम्ही एका मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीला हात जोडलेत. असल्या थोतांडाला आळा घालायचा कायदा ज्यांनी राबवायचा, त्यांतले तुम्ही. तुमचं नाव लिहीत नाही, खातंही लिहीत नाही. वाचताना तुमचे कान गरम होतील, तेवढं पुरे.

घटस्थापनेची सकाळ होती. वडाळ्याच्या मैदानात स्कूटरी, टेम्पो, टॅक्स्या, अजून प्लास्टिक न काढलेल्या सीटांच्या नव्या गाड्या, सगळ्या हार घालून उभ्या होत्या. मांडवात मधोमध एक लाल, बुटकी, दोनच सीटांची जुनी स्पोर्ट्स कार. तिच्याभोवती फिरत होते शामराव, ऊर्फ वाहनमहाराज. एका हातात मोरपीस, दुसऱ्या हातात माईक.

"मंडळी, माणूस मरतो, पण त्याचं मायलेज संपत नाही! आत्मा रिव्हर्स घेतो. आणि रिव्हर्स घेताना हॉर्न देत नाही, म्हणून तुम्हाला कळत नाही. मला कळतं!"

त्यांनी टाकीच्या झाकणावर मोरपीस फिरवलं, माईक अगदी जवळ नेला आणि झाकण पिळलं.

"ह्हूऽऽऽस्स…"

चारी कर्ण्यांतून तो आवाज मैदानावर पसरला. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"वहिनी, आहात ना?" शामराव टाकीत वाकून विचारते झाले. "ऐकलंत? निःश्वास! या माउलीचा संसारात जीव अडकलाय!"

तेव्हाच तुमचे हात जोडले गेले, साहेब. पण गाडीला टेकून उभ्या असलेल्या माणसाकडे तुमचं लक्ष गेलं नाही. गाडीचा मालक, अवधूत परब. सगळं मैदान घाबरलेलं असताना तो एकटा हसत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायको परत आल्यावर कुणी घाबरतं का?

अवधूत परळच्या एका इस्पितळात ब्रदर होता. ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. वॉर्डात उभं राहून उभी हयात गेली. नायगावच्या चाळीत एका खोलीत आई, वडील, आत्या, दोन भाऊ, तो आणि बायको लतिका. नवराबायकोनं दोन शब्द बोलायचे तर गॅलरीत जायचं, आणि गॅलरी सगळ्या मजल्याची. एकदा दादर चौपाटीला ही असली गाडी उभी दिसली. लतिकेनं काचेला नाक लावून आत पाहिलं.

"अगो बाई, दोनच सीटी!" ती म्हणाली. "बरां झालां. आत्येक बसूक जागाच नाय."

ते दोघं घरी येईपर्यंत हसत होते. इतकंच. पुढे माणसं एकेक करून गेली, चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, बाविसाव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खोल्या मिळाल्या तेव्हा लतिकेच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. पाठोपाठ तीही गेली. चाळीत कुणी शिंकलं तरी चार दारांतून विचारणा व्हायची. टॉवरमध्ये दार लावलं की लिफ्टच्या घरघरीशिवाय आवाज नाही. अवधूत निवृत्त झाला आणि पहिलं काम केलं ते हे, एका शौकिनाकडून ती जुनी लाल गाडी विकत घेतली. शेजारची सीट रिकामी राहणार हे त्याला घेतानाच ठाऊक होतं.

"पूजा केलीस काय रे?" लिफ्टमधल्या लोकांनी एवढा एकच प्रश्न विचारला. म्हणून घटस्थापनेच्या महिनाभर आधी तो शामरावांकडे गेला. शामरावांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि टाकीचं झाकण काढून उलटं केलं.

"बाहेरचा टिळा जगासाठी. आतला टिळा गाडीसाठी!" असं म्हणत झाकणाच्या आतल्या बाजूला लाल लगदा अंगठ्यानं दाबून बसवला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "बाजूला कोण बसणार?"

"कोण नाय. बायको गेली. इथंच, परळला, आमच्याच इस्पितळात."

झालं. भोंदूला याहून जास्त भांडवल लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद पडू लागली. अवधूत सकाळी नायगावहून गिरगाव चौपाटीपर्यंत जायचा आणि परत फिरायचा. येताना लालबाग ओलांडलं की गाडी आचके द्यायची आणि त्या इस्पितळाच्या आसपास गप्प. रोज तिथंच. तासाभरानं आपली आपण चालू.

लालबागचा मेकॅनिक राकेश गाडीत डोकं घालून बसला. प्लग बदलले, कार्ब्युरेटर खोलून साफ केला, पेट्रोलचा पंप नवा टाकला. "काका, तुमची गाडी माझ्यासमोर नाटकच करत नाय. मक्खन चालते!" चालणारच. पेट्रोलचा काटा मेलेला, म्हणून राकेश दर वेळी आधी झाकण काढून आत काठी बुडवून बघायचा. पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

शामरावांच्या मात्र डोक्यात सगळं तयार होतं. "वहिनी थांबवतात. जिथं सोडलंत तिथं थांबवतात."

"पण महाराज, वाटेत पेट्रोल भरलं त्या दिवशी नाय थांबली."

"त्या दिवशी नैवेद्य पोचला!"

आणि घटस्थापनेला मांडवात त्यांनी झाकण पिळून तो आवाज ऐकवला. कामावरून आल्यावर लतिका चपला काढून खाटेच्या कडेला बसायची तेव्हा अस्साच श्वास सोडायची. अवधूतनं गाडी दुरुस्त करणं त्या दिवशी सोडून दिलं. रोज बंद पडायची वाट पाहू लागला. बंद पडली की उतरायचा, झाकण पिळायचा, ऐकायचा. दिवसभरात त्याच्याशी कुणी बोललं असेल तर एवढंच.

सहाव्या माळेला गाडी इस्पितळाच्या फाटकाशी थांबली आणि रात्रपाळी संपवून सिस्टर प्रिती बाहेर आली. अवधूतच्या हाताखाली शिकलेली, लतिकेच्या शेवटच्या दिवसांत उशाशी असलेली.

"ब्रदर! रिटायर झालात ना? अजून फाटक सुटत नाय तुमच्याच्यानं?"

"गाडी थांबलीय. ये, तुला काय तरी ऐकवतो." पाहुण्याला घरातला फोटो दाखवावा तशा कौतुकानं त्यानं झाकण पिळलं. प्रिती ऐकायला वाकली.

"ऐकलंस? लतिका."

प्रिती हसली नाही. तिनं टाकीच्या तोंडातून आपल्या ओढणीचं टोक हळूच सोडवून घेतलं.

"ब्रदर, माझी ओढणी आत ओढली गेली."

"मग?"

"निःश्वास बाहेर येतो ना? हा आत गेला."

"तुझं काय तरीच!"

"काचेची सलाईनची बाटली आठवा. हवा आत जायची सुई, एअर निडल, लावायला विसरले मी, थेंब बंद पडला, आणि तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. 'बाटलीला हवा कोण देणार, तुझा बाप?' असं म्हणालात."

"गप बस, प्रिती!"

ती निघून गेली नाही, तिथंच उभी राहिली. शेवटी अवधूतनं झाकण उलटं केलं. लाल टिळ्यावर नख मारलं. हात धुवायला बाटलीतलं पाणी ओतलं, तर बोटांना फेस आला.

राकेशनं नुसता वास घेतला. "कपड्याचा साबण, काका. वर लाल रंग. टाकी गळली की आम्ही हाच चोपडतो, पेट्रोलात विरघळत नाय. झाकणाला बारीक भोक असतं, हवा आत जायला. पेट्रोल कमी होतं तेवढी हवा आत आली पायजे. भोक बुजवलं की टाकी खेचून धरते, इंजिनाला पेट्रोल सोडत नाय. झाकण उघडलं की हवा घुसते, फुस्स. गाडी चालू. पुढं परत तेवढीच चालते, परत बंद. अंतर ठरलेलं." मग तो थबकला. "हे गॅरेजवाल्याचंच डोकं आहे. शामराव म्हणजे तो शाम्या? माझ्या काकाच्या गॅरेजात पाने उचलायचा!"

सगळं कळलं. आता आनंद व्हायला हवा होता, नाही का? अवधूतनं सुईनं भोक मोकळं केलं आणि गाडी काढली. इस्पितळ आलं, गेलं. गाडी थांबली नाही. नायगावच्या पार्किंगमध्ये तो इंजिन चालू ठेवून बसून राहिला. मग उतरला आणि अंगठ्यानं तोच लाल साबण दाबून भोक पुन्हा बुजवलं.

हो, बुजवलं. हसू नका. दुसऱ्या सकाळी गाडी परळला थांबली तेव्हा त्यानं झाकण काढल्या काढल्या टाकीच्या तोंडावर तळहात ठेवला. टाकीनं हात घट्ट ओढून धरला. इतक्या दिवसांत त्याचा हात कुणी धरला नव्हता. पण हे पोकळीचं धरणं होतं, लतिकेचं नव्हतं. त्यानं हात सोडवला.

दसऱ्याला तो मैदानात गेला. तुम्ही होतातच, पहिल्या रांगेत.

"महाराज, मला दोन शब्द बोलायचेत."

"बोला, बोला! वहिनींचा निरोप?"

अवधूतनं झाकण उलटं धरलं, पेलाभर पाणी ओतलं आणि अंगठ्यानं चोळलं. लाल फेस मनगटावरून ओघळला.

"शेंदूर तेलात कालवतात, त्यामुळं होतं तसं," शामराव म्हणाले.

"तेलाला फेस येतो?" अवधूत म्हणाला. "येत असेल तर भजी तळून होईपर्यंत कपडे पण धुऊन निघतील."

मागून कोणीतरी खिदळलं. तेवढ्यात कमळाबाई पुढे घुसल्या. वरळीच्या कोळीण, स्कूटरवरून मासळी पोचवणाऱ्या. त्यांनी स्कूटरचं झाकण उपटून आणलं होतं. त्यावरही पाणी पडलं. त्यालाही फेस आला.

"मेल्या!" कमळाबाईंनी शामरावांची शाल धरली. "माजा दीर दर्यात बुडाला, त्याला तू टाकीत बसवलास? वर साबन लावलास? मावरं सडलं माजं रस्त्यात, दीर रुसलाय म्हनून मी त्याला नारळ देत बसली!"

मग हशा, शिव्या, धक्काबुक्की. शामराव स्वतःच्या गाडीतून पळाले. त्यांच्या गाडीच्या झाकणाला आतला टिळा नव्हता.

लोक पांगले. "पण काका, आमचा टिळा तरी खरा असेल ना?" असं विचारणारेही होते. त्यांना सांगायचं ते एवढंच. नावडती गोष्ट माणूस आपसूक तपासतो. आवडती तपासायला छाती लागते. जो चमत्कार तुम्हाला हवाहवासा वाटतो, त्याचं झाकण आधी उलटं करा. वारा कुठून कुठं जातोय ते बघा. गाडी बंद पडली तर मेकॅनिककडे जा, आणि माणूस बंद पडत चालला असेल तर त्याच्या दारावर थाप मारा. ते काम शामरावांवर सोडू नका.

आता तुमचं. अवधूत ती दोन झाकणं पिशवीत घालून तुमच्या टेबलापाशी आला होता. तुम्ही विचारलंत, "पैसे किती गेले?"

"पैशाचं नाय, साहेब."

"मग नुकसान काय, परब? गाडी चालतेय ना आता?" आणि तुम्ही पेनाचं टोपण लावलंत.

लतिका एकदा आजारानं गेली. तिला शामरावांनी उठवलं, माईकवर बोलायला लावलं, तुमच्या साक्षीनं जिवंत केलं. आणि तिच्या नवऱ्याला तिला स्वतःच्या अंगठ्यानं, भर मैदानात, पाणी ओतून पुसून टाकावं लागलं. हे नुकसान तुमच्या कुठल्या कलमात बसतं? बसत नसेल तर तसं लिहून द्या. बसत असेल तर शामराव अजून मोकळा का?

साहेब, उत्तर द्या.