सकीनाबीबीच्या नावाची मशक

मी एक मशक आहे, पाणी भरायची पिशवी, करडाच्या कातड्याची, एवढीशी. ग्वाल्हेरात शिंदे की छावनी या वस्तीतल्या एका भिश्त्यानं मला शिवलं, ते लहान मुलाच्या गळ्यात अडकवायला. मोहरमात नवसाची मुलं हिरवा सदरा घालून माझ्यासारख्या मशकीतलं पाणी लोकांना पाजतात.

तो शिवत होता आणि त्याची बायको करीमनबुआ शेजारी बसून गोष्ट सांगत होती. माझ्यात पाण्याआधी भीती भरली ती तेव्हाच.

गोष्ट सकीनाबीबीची. इमाम हुसैनांची लाडकी लेक, जेमतेम चार वर्षांची. वडिलांच्या छातीवर डोकं ठेवल्याशिवाय तिला झोप यायची नाही. करबलाच्या रणात शत्रूनं पाणी तोडलं. तंबूत मुलं रिकामे पेले धरून बसली. तिचे काका अब्बास नदीवर गेले, मशक भरून निघालेही, पण वाटेत बाण लागून मशक फुटली. काका परतले नाहीत. मग वडीलही गेले. पोरीला कैद करून दूर शामदेशी नेलं, आणि तिथल्या अंधाऱ्या कोठडीत बाबांना हाका मारता मारता ती गेली.

"मशक पहुँच जाती तो," करीमनबुआ एवढंच म्हणाली. तेव्हापासून मला एकच धास्ती. माझ्यातलं पाणी पोचेल ना?

मला घरी नेलं अनसूयाबाईंनी. नवरा शिंद्यांच्या फौजेत. पहिली मुलगी तापानं गेली, म्हणून दुसरी पोटात असतानाच त्या ताजियापुढे नवस बोलल्या होत्या, जगली तर दर मोहरमात सकीनाबीबीचं पाणी वाटेल. तीच राजलक्ष्मी, घरातली राजी.

राजी चार वर्षांची झाली त्या मोहरमात करीमनबुआ मला भरायला घेऊन गेली आणि भरून दारी परतली, तर पोर तापानं फणफणलेली.

"आई, पाणी."

वैद्यांनी ताप उतरेपर्यंत पाणी बंद केलेलं. तेव्हा घरोघरी तीच रीत होती.

"बहू, बच्ची माँग रही है," करीमनबुआ पायरीवरून म्हणाली.

सासूबाई आतून कडाडल्या, "वैद्याचं ऐकायचं की भिश्तिणीचं? तापात पाणी छातीत उतरतं."

अनसूयाबाई हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, थोरलीपण मागतच गेली. आपण दिलं नव्हतं."

अनसूयाबाईंनी करीमनबुआच्या हातून मला घेतलं. त्या राजीकडे वळल्या तसं माझ्यातलं पाणी डुचमळायला लागलं. मी घाबरले. न पोचलेल्या पाण्याची भीती मला ठाऊक होती. पोचून घात करणाऱ्या पाण्याची आज कळली. माझ्याच पाण्यानं पोर गेली तर?

सासूबाई तरातरा आल्या. मला वाटलं, हिसकावणार. त्यांनी देवघरातली पळी पुढे केली.

"एकदम ओतू नकोस. घशात अडकेल."

पळीपळीनं पाणी गेलं. राजी ओठ चाटत राहिली. ऊन कलेपर्यंत तिघी तिच्याभोवती बसून होत्या, एकमेकींकडे न बघता. मग करीमनबुआनं पोरीच्या कपाळाला हात लावला आणि पदरानं तो पुसला. घाम होता.

आता राजीची मुलगी मला गळ्यात घालते. माझं कातडं तडकलंय, शिवण उसवलीय, भरलं की थेंब थेंब गळतं. गळताना मी अजून घाबरते. माझं एवढंच ऐका, पोर पाणी मागतंय तर आधी त्याच्याजवळ जा. मी आता पाणी फार वेळ धरून ठेवू शकत नाही.